चकचकीत स्नोमोबाईल आणि पुसून टाकलेला पुरावा

"ताई, डेटा किती साफ करायचा?"

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. एक जण पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतोय, एकीचा एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे आणि तिसऱ्याला त्याच्या सरांनी ग्राफ 'जरा स्वच्छ करून आण' म्हणून परत पाठवलंय. तिघांनाही मी दोन ओळींत उत्तर दिलं आणि ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय. उदाहरण मात्र भलतीकडचं आहे: अमेरिका-कॅनडात जुन्या स्नोमोबाईल जमवून त्या पुन्हा नव्यासारख्या करणाऱ्या लोकांचा छंद.

माझा त्याच्याशी संबंध काय? माझं पीएचडीचं काम रबर म्हातारं कसं होतं यावर आहे. प्रयोगशाळेत आम्ही रबर गरम ओव्हनमध्ये ठेवून त्याला घाईघाईने म्हातारं करतो. पण चाळीस-पन्नास वर्षं खरोखर जगलेलं, आणि बनवल्याचं वर्ष माहीत असलेलं रबर सहजासहजी मिळत नाही. जुन्या स्नोमोबाईलचा पट्टा अशा रबराचा उत्तम नमुना आहे, कारण गाडीवर मॉडेलचं वर्ष आणि नंबर असतो. त्याबद्दल वाचता वाचता, दुरुस्तीचे व्हिडिओ बघता बघता मी त्या छंदात पार गुंतले. आयुष्यात एकदाही स्नोमोबाईल न चालवता!

आज त्या छंदाची समीक्षा करणार आहे. कौतुक करण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. माझी तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे.

आधी थोडी ओळख

गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी ही गाडी पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे दात असलेला रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन. पट्टा बर्फ मागे ढकलतो, स्की दिशा देतात. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा टू-स्ट्रोक इंजिन असतं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या चेतकसारखं, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं. आणि ताकद पट्ट्यापर्यंत पोचते ती आजच्या गिअर नसलेल्या स्कूटरसारखी, म्हणजे बेल्ट आणि उघडझाप करणाऱ्या पुल्यांमधून.

इतिहासातली तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावचा दुकानदार कार्ल इलायसन. त्याने १९२४ मध्ये सायकलचे भाग, फोर्ड मॉडेल टीचा रेडिएटर, बोटीला लावायचं छोटं इंजिन आणि दोन स्की असं जोडून 'मोटर टोबॉगन' बनवली आणि १९२७ मध्ये पेटंट घेतलं. दुसरा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या वाल्कूर गावचा जोसेफ-आर्मंड बोंबार्दिए. त्याने १९३७ मध्ये दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळवलं, बर्फावर चालणाऱ्या सात-बारा माणसांच्या बंदिस्त गाड्या बनवल्या आणि १९५९ मध्ये एक-दोन माणसांची हलकी 'स्की-डू' बाजारात आणली. तिसरा, मिनेसोटातल्या रोझो गावचा एडगर हेटीन. त्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकाच्या मध्यावर पोलारिसची पहिली गाडी निघाली. पुढे त्यानेच वेगळं होऊन आजची आर्क्टिक कॅट सुरू केली.

मग लाट आली. १९७० च्या सुमारास शंभराहून जास्त कंपन्या स्नोमोबाईल बनवत होत्या. ट्रॅक्टरवाली जॉन डियर आणि मोटरसायकलवाली हार्ले-डेव्हिडसनसुद्धा त्यात उतरल्या होत्या. १९७१ मध्ये उत्तर अमेरिकेत सुमारे ४ लाख ९५ हजार गाड्या विकल्या गेल्या. नंतर तेलाचे भाव भडकले, मंदी आली, काही हिवाळ्यांत बर्फच कमी पडला. १९८० च्या दशकात मोठे उत्पादक चारच उरले. बाकीच्या कंपन्यांची यंत्रं शेतांवरच्या कोठारांत पडून राहिली. आजचे संग्राहक तीच शोधून काढतात.

कौतुक आधी

या लोकांना सुट्या भागांची दुकानं उपलब्ध नाहीत. कंपनीच बंद पडलेली, मग भाग कुठून येणार? ते जुने पार्ट्स कॅटलॉग जपून ठेवतात, एकमेकांशी भागांची अदलाबदल करतात, न मिळणारा भाग स्वतः घडवतात. सीटचं कव्हर, काच, बॉनेटवरचे स्टिकर, सगळं पुन्हा बनवतात.

इंजिनाचं त्यांचं ज्ञान तर थक्क करणारं आहे. वर्षानुवर्षं बंद असलेलं टू-स्ट्रोक इंजिन साफ करून दोरी ओढली की झालं, असं नसतं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. ती वाळून कडक झाली की तिथून हवा आत खेचली जाते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच जातं, त्यामुळे हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं. पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं ऑईलही कमी. इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो, नाहीतर त्याला भोक पडतं. जुन्या स्की-डूच्या टिलॉटसन कार्बोरेटरमध्ये पातळ पडदा असतो, तोही कडक होतो. आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुन्या रबराची अवस्था आणखी वाईट होते. हे सगळं हे लोक एकेक लक्षण बघून, एका वेळी एकच गोष्ट बदलून शोधतात. नुसता आवाज ऐकून 'हवा कुठूनतरी खेचतेय' असं सांगणारा माणूस मला कुठल्याही प्रयोगशाळेत चालेल.

माझी तक्रार

तक्रार यानंतर सुरू होते. इंजिन चालू झाल्यावर गाडी पूर्ण खोलली जाते. पत्र्याचा गंज घासून काढतात, फायबरच्या बॉनेटला लांबी भरतात, पॉलिश पेपर मारतात, नवा रंग, नवे स्टिकर, नवी सीट. सहसा जुना पट्टा फेकून नवा बसवतात. शेवटी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाही नसेल इतकी चकाकते. लोक टाळ्या वाजवतात, बक्षीस मिळतं.

आणि त्या गाडीवर पन्नास वर्षांत जे जे लिहिलं गेलं होतं ते सगळं पुसलं जातं.

म्हणजे काय पुसलं जातं, नीट बघू. समजा एका गाडीच्या स्कीच्या दांड्याला कुणीतरी लोखंडी पट्टी वेल्डिंग करून जोडलीय. मूळ चित्रात ती नाही, म्हणून ती कापून टाकतात. पण ती पट्टी सांगत होती की हा दांडा इथे तुटायचा. कंपनीच्या माहितीपत्रकात हे कधीच लिहिलेलं नसतं. वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने केलेली दुरुस्ती ही त्या रचनेच्या चुकीची एकमेव नोंद असू शकते. सापळे लावणाऱ्याने मागे ठोकलेली पेटी, शर्यतीसाठी पाडलेली भोकं, थंडीत हातमोजे घालून दाबता यावा म्हणून वाकवलेला लिव्हर: गाडी कशी वापरली गेली हे कागदावर कुठेही नाही, ते गाडीवरच आहे.

माझ्या विषयातलं उदाहरण देते. ताणलेल्या रबरावर हवेतल्या ओझोनने भेगा पडतात, आणि त्या ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. गाडी तीस वर्षं एका जागी उभी असेल तर पट्टा ज्या दोन ठिकाणी वळतो तिथे बाहेरचा पृष्ठभाग ताणलेला राहतो. तिथे आडव्या भेगांची दाटी होते, मधल्या सपाट भागात कमी. म्हणजे पट्टा बघून तुम्ही सांगू शकता की ही गाडी बराच काळ हलली नव्हती आणि पट्टा तेव्हा नेमका कुठल्या स्थितीत होता. तो पट्टा कचऱ्यात गेला की ही माहिती संपली. 'फेकला कारण भेगा होत्या' असं ते म्हणतात. मला त्या भेगाच हव्या होत्या हो!

'मूळ' म्हणजे कुठलं मूळ?

यावर संग्राहकांचं उत्तर असतं, 'आम्ही तिला मूळ स्थितीत आणतो.' संशोधनाची तयारी करणाऱ्या माणसाने इथे थांबून विचारलंच पाहिजे: मूळ म्हणजे काय?

इलायसन दुकानामागच्या गॅरेजात एकेक टोबॉगन बनवायचा आणि प्रत्येक वेळी काहीतरी सुधारायचा. तिथे 'मूळ नमुना' असा एक नाहीच, प्रत्येक यंत्र स्वतःच मूळ. मोठ्या कारखान्यांतही हंगामाच्या मध्येच भाग बदलायचे. माहितीपत्रकातला फोटो अनेकदा उत्पादन सुरू होण्याआधीच्या गाडीचा असतो. मग त्या फोटोबरहुकूम रंगवलेली गाडी कधी अस्तित्वात होती का? कदाचित नव्हती. तिच्या मालकाने एक सरासरी, आदर्श गाडी तयार केली आणि खरी गाडी त्यासाठी खर्ची घातली.

तुमच्या ग्राफचंही असंच होतं. पुस्तकातल्या वक्ररेषेसारखा दिसावा म्हणून तुम्ही तीन बिंदू काढता. पण पुस्तकातली रेषा हा आदर्श आहे. तुमचा नमुना त्या दिवशी, त्या उपकरणात तसा वागलाच असेल तर?

कोण टिकलं आणि का?

संग्राहकांची आवडती गाडी कुठली, तर अगदी कमी चाललेली. जवळजवळ नवी. तिच्याकडे बघून आपण म्हणतो, काय मजबूत बनवायचे हो तेव्हा! जरा थांबा. ती कमी का चालली? कदाचित जपून वापरली. पण कदाचित ती थंडीत सुरूच व्हायची नाही, म्हणून मालकाने दुसऱ्याच वर्षी कोठारात ढकलली. चांगली चालणारी गाडी लोकांनी पिळून पिळून वापरली आणि भंगारात घातली. म्हणजे संग्रहात टिकलेल्या गाड्या हा त्या काळातल्या गाड्यांचा यादृच्छिक नमुना नाही. शंभरावर कंपन्यांच्या यंत्रांतून जे उरलं, त्यावरून 'तेव्हाची यंत्रं अशी होती' हे विधान करताना हात आखडता घ्यायला हवा. तुमच्या प्रबंधातल्या नमुन्यांनाही हाच प्रश्न विचारा: हे माझ्यापर्यंत पोचले ते कुठल्या चाळणीतून?

गोष्टींनाही नवा रंग मारतात

रंगकाम फक्त पत्र्यावर होत नाही. बोंबार्दिएची गोष्ट सगळीकडे अशी सांगतात: १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने आजारी पडला, रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, मुलगा गेला, आणि त्या दुःखातून स्नोमोबाईल जन्मली.

मुलाचा मृत्यू खरा आहे, ते दुःखही खरं आहे. पण तारखा लावून बघा. बोंबार्दिएने बर्फावर चालणारं पहिलं यंत्र १९२२ मध्ये बनवलं होतं, वयाच्या पंधराव्या वर्षी. फोर्डच्या इंजिनाला पंखा लावून घसरगाडी पळवली होती. म्हणजे दुर्घटनेआधी बारा वर्षं त्याच्या डोक्यात हा विषय होता. दुर्घटनेने कामाला निकड दिली असेल, पण तिला एकमेव कारण म्हणता येत नाही. शिवाय त्यानंतर बनल्या त्या बंदिस्त प्रवासी गाड्या. छोटी स्की-डू यायला आणखी २० हून जास्त वर्षं लागली, कारण हलकी इंजिनं आणि जोड नसलेला रुंद रबरी पट्टा हे दोन्ही जमायला हवं होतं. मध्ये १९४८ मध्ये क्वेबेकने हिवाळ्यात रस्ते साफ ठेवायचा कायदा केला आणि मोठ्या गाड्यांची विक्री घसरली, हेही एक कारण. एका गोष्टीत हे सगळं बसत नाही, म्हणून गोष्टीला लांबी भरून ती गुळगुळीत केली जाते. आपल्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आपण हेच करतो: 'अमुक समस्या होती, म्हणून आम्ही तमुक केलं.' खरं तर आपण दुसरंच काहीतरी करत होतो.

याउलट एक चांगलं उदाहरण. मिनेसोटातला विमा एजंट राल्फ प्लेस्टेड आणि त्याचे साथीदार १९ एप्रिल १९६८ रोजी स्की-डूवरून उत्तर ध्रुवावर पोचले. त्याआधी ध्रुवावर पोचल्याचे कुक आणि पिअरी यांचे दावे आजही वादात आहेत, कारण ते दुसऱ्या कुणाला तपासता आले नाहीत. प्लेस्टेडची जागा अमेरिकन हवाई दलाच्या विमानाने वरून पडताळली. म्हणून तो दावा टिकला. दावा करणारा सोडून दुसऱ्याला तपासता आला पाहिजे, एवढीच अट आहे.

'पण चालली तरी पाहिजे ना?'

हा आक्षेप मला मान्य आहे. न चालणारी गाडी तिचा आवाज, थरथर, धुराचा वास, काहीच सांगू शकत नाही. आणि ब्रेक कामाचा नसलेल्या, लिव्हर अडकणाऱ्या गाडीवर कुणाच्या पोराला बसवून 'पुरावा जपलाय' म्हणणं गुन्हा आहे. सील बदला, ब्रेक बदला, पट्टा धोकादायक असेल तर तोही बदला.

माझा आक्षेप बदलण्याला नाही, नोंद न ठेवता बदलण्याला आहे. वास्तूंच्या जतनाबद्दल १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली. तिच्यातली दोन तत्त्वं इथे चपखल लागू पडतात. एक, जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवा. दोन, नवीन भरलेला भाग एकंदर रूपाशी जुळावा, पण तो नवीन आहे हे ओळखू आलं पाहिजे. बऱ्याच स्नोमोबाईल प्रदर्शनांत आता हात न लावलेल्या मूळ गाड्यांचा वेगळा वर्ग असतो, ही चांगली गोष्ट आहे. पण नव्यासारख्या केलेल्या गाडीशेजारी 'काय बदललं, काय टाकलं, कशावरून' असा एक कागद मला बघायला मिळालेल्या फोटो-व्हिडिओंत क्वचितच दिसला. शोधनिबंधातून पद्धतीचं प्रकरण गाळल्यासारखंच हे झालं.

आता माझी चूक

हे सगळं मी उंचावर बसून सांगत नाहीये. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पिठाच्या गिरण्यांतून जुने रबरी पट्टे गोळा केले. १५ तुकडे. त्यांच्यावर पांढरट थर होता. गिरणीतला पट्टा, पांढरा थर, म्हणजे पीठच असणार! मी अल्कोहोलच्या बोळ्याने १४ तुकडे स्वच्छ पुसले आणि मायक्रोस्कोपखाली घातले. फोटो सुंदर आले.

पंधरावा तुकडा ड्रॉवरच्या मागे पडून राहिला होता. सहा महिन्यांनी सापडला. त्यावरचा थर तपासला, तर पिठाबरोबर मेण निघालं. ओझोनपासून बचाव व्हावा म्हणून रबर बनवताना मेण घालतात आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येतं. इतक्या वर्षांनी ते किती शिल्लक राहतं, हाच तर माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर मी स्वतःच पुसून कचऱ्यात टाकलं होतं.

मॅडमना सांगायला गेले तेव्हा पोटात गोळा आला होता. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पुसलंस ते समजू शकते. पुसलंस हे वहीत कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. 'नमुने स्वच्छ केले' एवढंही लिहिलं नव्हतं, कारण ते मला काम वाटलंच नव्हतं. ज्या प्रकरणाचं स्वप्न बघत होते ते एका परिच्छेदावर आलं. गिरणीवाल्यांनी बाकीचे पट्टे तोवर टाकून दिले होते.

मग किती साफ करायचा?

आता तिघांना एकत्र उत्तर:

१. हात लावण्याआधी फोटो. कच्च्या फाईलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये, तिला कधीही उघडून सेव्ह करायचं नाही.

२. साफ करण्याआधी एक तुकडा तसाच ठेवा. माझा पंधरावा तुकडा नशिबाने राहिला, तुमचा ठरवून राहू द्या.

३. काढलेला भाग फेकू नका. गाळलेले बिंदू वेगळ्या तक्त्यात ठेवा, प्रत्येकापुढे गाळण्याचं कारण लिहा. 'चुकीचा वाटला' हे कारण नाही. 'त्या वेळी वीज गेली होती' हे कारण आहे.

४. नियम आधी ठरवा, मग लावा. ग्राफ बघून नियम ठरवला तर तो नियम नसतो, ते डेंटिंग-पेंटिंग असतं.

५. जो बिंदू सगळ्यात जास्त खटकतो त्याच्याकडे सगळ्यात आधी बघा. स्कीच्या दांड्यावरची ती वेल्डिंग केलेली पट्टी आठवा.

आणि ज्याच्या सरांनी ग्राफ 'स्वच्छ' करायला सांगितलाय त्याला: सरांशी भांडू नकोस. दोन्ही ग्राफ घेऊन जा, कच्चा आणि साफ केलेला, आणि मधे काय केलंस त्याचा एक कागद. बहुतेक सरांना तेच हवं असतं. नसेल, तर निदान तुझ्याकडे कच्चा ग्राफ आणि तो कागद राहील.

आज रात्री झोपण्याआधी सगळ्यांनी एक काम करा. आपल्या प्रोजेक्टचं सर्वांत जुनं फोल्डर उघडा आणि बघा, उपकरणातून आली तशी पहिली फाईल अजून आहे का. नसेल तर कधी, का आणि कुणी बदलली ते आठवतंय तोवर लिहून ठेवा. पुढच्या पोस्टमध्ये प्रयोगवही कशी लिहायची ते माझ्या वहीची पानं दाखवून सांगेन, पुसलेल्या १४ तुकड्यांच्या कोऱ्या पानासकट.